उसनें बीज, नवें पीक आणि डांगोरा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या नातवाची मुंज झाली. भिक्षावळींत आलेले पैसे त्याच्या आईनें एका डब्यांत निराळे काढून ठेविले होते. कार्य आटोपलें, पाहुणे पांगले, मांडव उतरला. आणि चौथ्या दिवशीं सकाळीं मी ओसरीवर वर्तमानपत्र चाळीत बसलों असतां नवा बटु माझ्यापुढें येऊन उभा राहिला.

“आजोबा, माझ्या भिक्षावळीच्या पैशांतले पांच हजार मला द्याल का? एक नवा व्हिडिओ गेम येणार आहे.”

“येणार आहे म्हणजे? अजून आलेला नाहीं?”

“दिवाळीला येईल. पण आतांच पैसे भरले तर त्यांतल्या नायकाला सोन्याचें चिलखत मिळतें. मागाहून घेणारांना नाहीं मिळत.”

मीं चष्मा काढून ठेविला. जी वस्तु अद्याप कोणीं पाहिली नाहीं तिच्यासाठीं आज रोख पैसे, आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून एक चिलखत, तेंही पडद्यावरचें! बाजारांत तुरी म्हणतात ती हीच. मी कांहीं बोलणार इतक्यांत माझ्या पुतण्याचा मुलगा, जो यंदा दहावीला आहे, आंतून धांवत आला. “मोठे आजोबा, देऊं नका हो! तो खेळ म्हणजे दुसऱ्या एका खेळाची उघड चोरी आहे.” बटु म्हणाला, “मुळींच नाहीं! असा खेळ जगांत पहिलाच आहे. जाहिरातींतच तसें म्हटलें आहे.” दोघांचे आवाज चढले, सूनबाई स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, आणि निवाडा माझ्याकडे आला.

चौतीस वर्षें मुलांना शब्दरूपें घोकावयास लावणाऱ्या माणसास या विषयांत काय कळणार, असें वाचकांस वाटेल. मलाही तसेंच वाटलें. म्हणून मीं आठ दिवसांची मुदत मागितली. माझी एक नात कॉम्प्युटरचें शिक्षण घेते. तिनें मला संध्याकाळीं शेजारीं बसवून कांहीं खेळ दाखविले, त्यांचा इतिहास वाचावयास दिला, आणि माझ्या अज्ञानास ती हंसली नाहीं. त्या आठ दिवसांत जें समजलें तें आज वाचकांपुढें ठेवितों. कारण असा प्रसंग एकट्या आमच्याच घरीं येतो असें नव्हे.

प्रथम चोरीचा प्रश्न घेऊं. गंमत अशी कीं या धंद्याचा जन्मच एका उसनवारीच्या खटल्यांत झाला आहे. राल्फ बेअर नांवाचा एक जर्मन यहुदी मुलगा नाझींच्या छळामुळें १९३८ सालीं कुटुंबासह अमेरिकेस गेला आणि पुढें तेथें इंजिनियर झाला. घरोघर असलेल्या टेलिव्हिजनचा उपयोग नुसतें पाहत बसण्यापेक्षां खेळण्यासाठीं कां करूं नये, ही कल्पना त्यानें १९६६ सालीं चार पानांत लिहून काढली. तिच्यावरून १९७२ सालीं मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ‘ओडिसी’ नांवाचें यंत्र विकावयास काढलें. त्यांत चेंडूफळीचा एक खेळ होता: पडद्यावर दोन ठिपके म्हणजे फळ्या आणि तिसरा ठिपका म्हणजे चेंडू. आवाज नाहीं, गुण मोजण्याची सोय नाहीं. गुण आपले आपण कागदावर लिहावयाचे.

त्याच वर्षीं मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत या यंत्राचें प्रात्यक्षिक झालें. तें पाहावयास नोलन बुशनेल नांवाचे एक गृहस्थ आले होते, व त्यांनीं अभ्यागतांच्या वहींत सही केली होती. थोड्याच दिवसांत त्यांनीं ‘अटारी’ कंपनी काढली आणि ॲलन अल्कॉर्न या तरुण इंजिनियराकडून ‘पॉंग’ नांवाचा चेंडूफळीचा खेळ करवून घेतला. तो एका मद्यगृहांत मांडला, तेव्हां लोकांची एवढी झुंबड उडाली कीं खोक्यांत नाणीं मावेनाशीं होऊन यंत्रच अडलें! पुढें मॅग्नाव्हॉक्सनें दावा लाविला, ती अभ्यागतांची वही पुरावा म्हणून पुढें आली, आणि १९७६ सालीं अटारीनें तडजोड करून परवान्याचे पैसे भरले.

आतां याला चोरी म्हणावयाचें काय? न्यायाच्या दृष्टीनें ऋण होतें आणि तें फेडावें लागलें, यांत वाद नाहीं. परंतु अल्कॉर्नच्या हातचें काम पाहिलें म्हणजे दुसरीही बाजू दिसते. त्यानें फळीचे आठ भाग कल्पिले. चेंडू ज्या भागावर आदळेल त्याप्रमाणें त्याची परतण्याची दिशा बदले. डाव लांबला कीं चेंडूचा वेग वाढे. टोल्याचा आवाज आणि गुणांचे आंकडे त्यानेंच घातले. बेअरच्या ठिपक्यांत जी शक्यता निजली होती ती अल्कॉर्ननें जागी केली. शिवाय १९५८ सालीं ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं एका विजेच्या मापन-यंत्राच्या पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला होता. आणि खुद्द टेनिस हा तर या कोणाच्याच आजोबांनीं शोधिलेला नव्हता. मूळ शोधीत गेलें तर गंगोत्रीच्याही वर बर्फ, आणि बर्फाच्या वर ढग!

येथें मला माझें जुनें शास्त्र आठवलें. नवव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या आनंदवर्धनाचार्यांनीं ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतांत दोन कवींच्या कृतींतील साम्याचा विचार केला आहे. त्यांच्या मतें साम्य तीन प्रकारचें असतें. पहिलें आरशांतील प्रतिबिंबासारखें. त्याला स्वतःचा आत्माच नाहीं. दुसरें चित्रासारखें, तें मुळाहून थोडें निराळें, परंतु त्यांतील प्राण तोकडा. तिसरें दोन देहधारी माणसांमधील साम्यासारखें; चेहरेपट्टी मिळते, परंतु जीव निराळा. पहिलीं दोन सुज्ञानें टाकावीं, तिसरें टाकण्याचें कारण नाहीं, असा त्यांचा निर्णय आहे. अकराशें वर्षांपूर्वींची ही मोजपट्टी आजच्या पडद्यावरील खेळांस किती चपखल बसते पाहा.

‘टेट्रिस’ हा खेळ बहुतेकांनीं पाहिलेला असेल: वरून ठोकळे खालीं येतात, ते फिरवून ओळींत बसवावयाचे, आणि ओळ भरली कीं ती नाहींशी होते. तो १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पाझित्नोव्ह यांनीं रचला. कल्पना कोठून आली? पांच-पांच चौकोनांच्या तुकड्यांचें एक कोडें असतें, त्यावरून. पाझित्नोव्ह यांनीं पांचाचे चार चौकोन केले, म्हणजे तुकडे बारांचे सात झाले. आणि कोडें निवांत बसून सोडवावयाचें असतें, त्याला त्यांनीं काळाची घाई जोडली. कोडें तेंच, परंतु जीव निराळा. हें तुल्यदेहीचें उदाहरण.

याच टेट्रिसवरून आयफोनसाठीं एका कंपनीनें ‘मिनो’ नांवाचा खेळ काढला. खटला अमेरिकेंत न्यू जर्सीच्या न्यायालयांत गेला. खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात, असा प्रतिवादीचा बचाव होता, आणि तेवढ्यापुरता तो खोटाही नव्हता. परंतु तेच सात तुकडे, त्यांची तीच ठेवण, दहा चौकोन रुंद व वीस चौकोन उंच असा तोच पट! २०१२ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं कल्पना सर्वांची असली तरी तिला दिलेलें रूप ज्याचें त्याचें असतें, आणि येथें रूपच उचललें आहे. हें प्रतिबिंब. अमेरिकन न्यायाधीश आणि काश्मिरी आचार्य एकाच ठिकाणीं येऊन पोंचले, हें पाहून माझ्यातल्या संस्कृताच्या मास्तराला आनंद झाला, हें कबूल करतों.

तिसरी गोष्ट मात्र मनाला लागणारी आहे. २०१४ च्या फेब्रुवारींत ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या दोघांनीं ‘थ्रीज’ नांवाचा आंकड्यांचा खेळ प्रसिद्ध केला. एक आणि दोन मिळून तीन. पुढें तीन-तीन मिळून सहा, सहा-सहा मिळून बारा, अशी चढती भाजणी. ही साधी गोष्ट साधी करण्यासाठीं त्यांना सुमारें चौदा महिने लागले होते. तो प्रसिद्ध होतांच ‘१०२४’ नांवाचा तसाच एक खेळ निघाला. आणि मार्चमध्यें गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलानें दोन-तीन दिवसांत ‘२०४८’ रचून फुकट वाटला. तो जगभर पसरला. आमच्या घरींही दुपारचीं कामें उरकल्यावर सूनबाई तो खेळत असत. परिणाम असा झाला कीं थ्रीजच्या कर्त्यांनाच लोक ‘तुम्हीं २०४८ ची नक्कल केलीत’ असें म्हणूं लागले! तेव्हां त्या दोघांनीं आपसांतील शेंकडों ईमेल उघड करून आपल्या चौदा महिन्यांच्या श्रमांचा हिशेब जगापुढें मांडला.

माझ्या मतें २०४८ हें चित्रासारखें साम्य: हात सफाईचा, फरक थोडा. परंतु त्या मुलाची एक गोष्ट मला आवडली. आपला खेळ ‘१०२४’ वरून घेतलेला असून त्याची कल्पना ‘थ्रीज’सारखी आहे, हें त्यानें आपल्या पानावर लिहून ठेविलें; आणि जी कल्पना आपण शोधिली नाहीं तिच्यावर पैसा मिळवावासा वाटत नाहीं, असेंही त्या वेळीं सांगितलें. म्हणजे कृतीचा दर्जा हा एक प्रश्न आणि कर्त्याचा प्रामाणिकपणा हा दुसरा, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. घेणाऱ्याला कमीपणा नाहीं. ताकास जाऊन भांडें लपविण्यांत कमीपणा आहे.

आमची परंपरा याबाबतींत स्वच्छ आहे. कालिदासानें शकुंतलेची कथा महाभारतांतून घेतली, हें शाळेंतला मुलगाही जाणतो. दुर्वासाचा शाप आणि अंगठी त्यानें आपल्या पदरचीं घातलीं व त्या जुन्या कथेचा आत्माच पालटून टाकला. आणि ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत आपल्या नव्या नाटकाकडे लक्ष द्या, असें सुचविण्यापूर्वीं भासादिक जुन्या नाटककारांचीं नांवें तेथें आदरानें येतात. देवलांचें ‘संशयकल्लोळ’ इंग्रजी नाटकावरून आणि तें इंग्रजी नाटक मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून आलें, म्हणून तें पाहतांना आमचें हंसूं कांहीं कमी होत नाहीं.

उलट, ऋण विसरलें म्हणजे काय होतें तेंही आमच्याच घरांत दिसतें. आमच्या पचीसीवरून इंग्लंडांत ‘लूडो’ निघाला आणि १८९६ सालीं त्याचें तेथें पेटंट झालें. तो परत हिंदुस्थानांत आला, आणि २०१६ सालीं नवी मुंबईंतील एका कंपनीनें त्याला ‘लूडो किंग’ या नांवानें मोबाईलवर आणलें. २०२० च्या टाळेबंदींत दूरदूरचीं भावंडें रात्र रात्र तो खेळत होतीं. परंतु आमच्या बटूस विचारलें, तर लूडो हा मूळचा इंग्रजांचाच खेळ, असें त्याचें उत्तर! माळ्यावर पणजीच्या हातचा कापडी पट घडी घालून ठेविलेला आहे, तो त्याला काढून दाखवावा लागला.

आतां दुसरा प्रश्न, डांगोऱ्याचा. इंग्लंडांत गिल्डफर्ड गांवीं ‘हॅलो गेम्स’ नांवाची एक लहानशी मंडळी आहे. त्यांनीं २०१३ च्या डिसेंबरांत ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाची घोषणा केली. या खेळांत ग्रह किती? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. वाचकांनीं आंकडा मोजण्याचे श्रम घेऊं नयेत. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार असे दाणे मागणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. चौसष्ट घरांतील सर्व दाण्यांची जी बेरीज होते तिच्याहून हा आंकडा बरोबर एकानें अधिक आहे.

इतके ग्रह कोणीं हातानें रंगविले नव्हते. एक सूत्र आणि एक बीजांक दिला कीं यंत्र त्यांतून पर्वत, वनस्पति, प्राणी आपोआप घडवितें. ही युक्तीही उसनीच. १९८४ सालीं केंब्रिजच्या दोघां विद्यार्थ्यांच्या ‘एलिट’ नांवाच्या खेळांत ती होती, आणि तेथें आठ आकाशगंगांत प्रत्येकीं २५६ ग्रह होते. मला यांत पाणिनि दिसला. सुमारें चार हजार सूत्रें, आणि त्यांतून निघणाऱ्या रूपांस अंत नाहीं! परंतु सूत्रांतून निघालेलें प्रत्येक रूप शुद्ध असलें, तरी शुद्ध रूपांचा ढीग म्हणजे काव्य नव्हे. रूपें कितीही असोत, सांगावयाचें काय, हा प्रश्न कवीचा कवीलाच सोडवावा लागतो.

जाहिरातींनीं मात्र तो आंकडाच काव्य म्हणून विकला. सोनीसारखी मोठी कंपनी पाठीशीं उभी राहिली. कर्ता शॉन मरी मुलाखतींमागून मुलाखती देत राहिला. आणि लोकांनीं जें जें विचारलें तें तें होईल असा समज पसरत गेला. २०१६ च्या ऑगस्टमध्यें खेळ बाहेर आला. पहिल्याच दिवशीं दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावरील एकाच जागीं जाऊन उभे राहिले, आणि त्यांना एकमेकांचा मागमूसही दिसेना! ग्रह असंख्य, परंतु थोड्या तासांत सगळे सारखेच वाटूं लागले. ओरड झाली. इंग्लंडांतील जाहिरातींच्या नियामक मंडळाकडे तक्रारी गेल्या. मंडळानें नोव्हेंबरांत नियमभंग झाला नसल्याचा निर्णय दिला. कायद्यानें खोटें ठरलें नाहीं, तरी हिरमोड खरा होता.

येथवर सांगून थांबलों तर अन्याय होईल. त्या मंडळींनीं तोंड मिटलें आणि काम सुरू ठेविलें. वर्षामागून वर्षें, अधिक पैसे न घेतां, त्या खेळांत भर पडत गेली. २०१८ सालीं खेळाडू एकमेकांस खरोखर भेटूं शकले, आणि गेलेलें नांव परत आलें. दोष लहान माणसांच्या स्वप्नांत नव्हता. स्वप्न तयार माल म्हणून विकण्यांत होता. आणि हा धडा धंदा शिकला असेंही नाहीं. २०२० च्या डिसेंबरांत पोलंडमधील कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ आला. त्यासाठीं सुमारें ऐंशीं लाख लोकांनीं आगाऊ मागणी नोंदविली होती. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळत चालला कीं आठवड्याभरांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढून घेतला व गिऱ्हाइकांस पैसे परत देऊं केले. छापील पुस्तकाच्या प्रती संपतील म्हणून लवकर मागवावें, हें समजतें. परंतु ज्या वस्तूची प्रत कधींच संपत नाहीं तिच्यासाठीं घाई कोणाच्या हिताची, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

आठव्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर सगळीं ओसरीवर जमलीं, आणि मीं माझा निवाडा सांगितला. थोरल्यास म्हटलें, “दुसऱ्यासारखा आहे एवढ्यानें चोरी होत नाहीं. आरसा आहे, चित्र आहे कीं जिवंत माणूस आहे, तें पाहा. आणि घेतल्याचें सांगितलें आहे कीं लपविलें आहे, तें पाहा.” धाकट्यास म्हटलें, “पैसे तुझे आहेत, मी अडविणार नाहीं. पण जगांत पहिलाच, असें जो स्वतःविषयीं सांगतो त्याच्याजवळ दोन घटका थांब. खेळ बाहेर येऊं दे, तुझ्या मित्रांना महिनाभर खेळूं दे, मग ठरव. जो खेळ महिन्यानंतरही चांगला आहे तोच चांगला.” ‘नव्याचे नऊ दिवस’ हेंही मीं जोडणार होतों, परंतु बटु विचारांत पडलेला दिसला म्हणून थांबलों.

तो उठून आंत गेला, आणि मुंजीच्या दिवशीं मीं त्याला दिलेलें माझें पुस्तक घेऊन आला. शब्दरूपांचें तें लहान पुस्तक मीं १९८६ सालीं, नोकरी लागल्यावर थोड्याच वर्षांत, छापलें होतें. पहिल्या पानावर बोट ठेवून त्यानें वाचलें, “नवीन पद्धतीनें रचलेली.” मग माझ्याकडे पाहून विचारलें, “आजोबा, त्या मोठ्या मास्तरांच्या वहीची गोष्ट तुम्हीच सांगतां ना? एक रूप पाठ झालें कीं त्याच्यासारखीं दहा यावींत, अशी त्यांनीं मांडणी केली होती, आणि ती वही त्यांनीं तुम्हांला दिली. मग त्यांचें नांव यांत कां नाहीं?”

ओसरीवर कोणी बोललें नाहीं. मलाही एकदम उत्तर सुचलें नाहीं. मास्तर माझ्याहून पंचवीस वर्षांनीं वडील होते. त्यांनीं स्वतः कधीं कांहीं छापलें नाहीं. मांडणी त्यांची, उदाहरणें माझीं, आणि ‘नवीन पद्धति’ हे शब्द विक्री व्हावी म्हणून छापखान्यांत बसून मींच घातलेले. पुस्तक निघालें तेव्हां एक प्रत घेऊन मी त्यांच्या पायां पडलों. त्यांनीं पहिलें पान वाचलें, पुस्तक देवापुढें ठेविलें आणि “चांगलें झालें” एवढेंच म्हणाले. पुढें त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. दर वेळीं त्यांचें नांव घालावें असें मनांत येई आणि राहून जाई. आतां ते नाहींत.

“चुकलें, बाळ,” मीं म्हटलें. “चांगल्या खेळावर ज्यानें नांव लिहिलें तो एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्यापेक्षां शहाणा ठरला.”

दुसऱ्या दिवशीं मीं मास्तरांच्या चिरंजीवांस सविस्तर पत्र लिहिलें. त्यांच्या अनुज्ञेवांचून वडिलांचें नांव येथें छापणें बरें नव्हे, म्हणून तें आज देत नाहीं. परंतु घरांत शिल्लक असलेल्या प्रतींवर, ‘नवीन’ हा शब्द खोडून, तें मीं शाईनें लिहावयास घेतलें आहे. बटु शेजारीं बसून शाई टिपतो. पांच हजार रुपये डब्यांतच आहेत. दिवाळीनंतर एक महिन्यानें पाहूं, असें त्यानें आपण होऊन सांगितलें आहे. आणि त्या खेळाच्या अखेरीस कर्त्यांचीं नांवें येतात तीं वाचीपर्यंत पडदा बंद करावयाचा नाहीं, अशी अट थोरल्यानें घातली आहे. मास्तरांच्या घरून उत्तर आलें म्हणजे वाचकांस कळवीन.